एसडब्ल्यूआरचा फोटो नको, तोट्याचा आकडा दाखवा

आपल्या हौशी रेडिओच्या बिरादरीला एक वाईट खोड लागली आहे. कोणी अँटेनासाठी मॅचिंग ट्रान्सफॉर्मर बांधला की तो मोबाइलवर एकच फोटो दाखवतो. नॅनोव्हीएनएच्या पडद्यावर खाली बुडालेली रेष आणि तिच्या शेजारी आकडा, १.२. बघणारे वाहवा करतात. महिन्याभरात तोच ट्रान्सफॉर्मर काळ्या डबीत बंद होतो, वर '१०० वॉट' असं चिकटवलं जातं आणि विकायला येतो. विकत घेणारा विचारतो, "एसडब्ल्यूआर किती?" उत्तर येतं, "एकाला एक पॉइंट दोन." व्यवहार पूर्ण.

माझं म्हणणं साधं आहे. एसडब्ल्यूआर हा ट्रान्सफॉर्मर चांगला असल्याचा पुरावा नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये किती शक्ती आत गेली आणि किती बाहेर आली, एवढाच पुरावा मी मानतो. हा आकडा घरच्या टेबलावर, पगारात बसेल अशा सामानात काढता येतो. तरीही जो काढत नाही आणि डबी विकतो, तो गिऱ्हाइकाला फसवतो. जो काढत नाही आणि स्वतःच वापरतो, तो स्वतःच्या बॅटरीला फसवतो.

पुढे जाण्याआधी नेहमीचा खुलासा. मी सिग्नल्समधला माणूस असलो तरी इथे लिहितो ते सगळं माझ्या हौशी परवान्याखालचं, स्वतःच्या पैशाच्या सामानावरचं. सरकारी संच, सरकारी अँटेना यांच्याबद्दल या पानावर एक शब्दही आला नाही आणि येणार नाही.

आता हा ट्रान्सफॉर्मर लागतोच कशाला? फौजी माणसाला दर दोन-तीन वर्षांनी ट्रंक भरावी लागते. जोधपूरला वाळवंट, तेजपूरला बारमाही ओल, जबलपूरला क्वार्टरच्या मागे चिंचेचं झाड. टॉवर उभारायला परवानगी नसते आणि मिळाली तरी तो पुढच्या पोस्टिंगला नेणार कसा? मग सोपा मार्ग म्हणजे एक लांब तार. ४० मीटर बँडसाठी साधारण २० मीटर. तिचं एक टोक झाडाला, दुसरं खिडकीशी. तारेची लांबी अर्ध्या तरंगाएवढी असली की टोकाशी इम्पीडन्स दोन-अडीच हजार ओहमच्या पुढे जातो. आपला संच आणि कोॲक्स मात्र ५० ओहमचे. दोघांची सोयरीक जुळवायला मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. वेढ्यांचं प्रमाण एकास सात ठेवलं की इम्पीडन्सचं प्रमाण सातचा वर्ग, म्हणजे ४९. पन्नास गुणिले एकोणपन्नास, २४५० ओहम. फेराइटची एक कडी, थोडी एनॅमलची तार, शंभर पिकोफॅरडचा एक कपॅसिटर आणि एक सॉकेट. दिसायला इतकं सोपं, म्हणून जो तो बांधतो. बांधण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बांधून न मोजण्याबद्दल आहे.

कमी एसडब्ल्यूआर कोणीही आणू शकतो

डमी लोड म्हणजे काय? डबीत बसवलेला ५० ओहमचा रेझिस्टर. त्याचा एसडब्ल्यूआर बँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाला एक. जगात त्याच्याइतका सुंदर फोटो कोणत्याच अँटेनाचा येणार नाही. पण तो झाडाला टांगून कोणाशी बोलता येतं का? सगळी शक्ती गरम होण्यात जाते.

याहून झणझणीत उदाहरण घ्या. ३ डीबीचा एक अटेन्युएटर घ्या आणि त्याचं पुढचं टोक उघडं सोडा. अँटेना नाही, तार नाही, काहीच नाही. जाताना ३ डीबी गेले, टोकावरून परत येताना ३ डीबी गेले. मीटरपर्यंत ६ डीबीने कमी झालेली लाट पोचते आणि मीटर सांगतो ३. म्हणजे अँटेनाच नसताना 'ट्यूनरने सहज जुळेल' असा आकडा! १० डीबीचा अटेन्युएटर लावलात तर आकडा १.२२ येईल आणि त्याचा फोटो काढून तुम्ही मिरवू शकाल. जितका तोटा जास्त तितका एसडब्ल्यूआर गोंडस. म्हणून ज्या ट्रान्सफॉर्मरची रेष ३.५ पासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत सपाट आणि सुंदर दिसते, त्याच्याबद्दल मला आधी शंका येते आणि कौतुक नंतर. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

रेंजवर जाण्याआधी आम्ही रायफल झिरो करतो. बॅरल चकाकते म्हणून गोळी सरळ जाईल असं कोणी उस्ताद म्हणत नाही. पाच गोळ्या टार्गेटवर कुठे बसल्या ते बघतो, मग बोलतो. एसडब्ल्यूआर ही बॅरलची चकाकी आहे. टार्गेट दुसरीकडे आहे.

एका काळ्या डबीची गोष्ट

माझ्याबरोबरच्या एका जवानाने परवाना मिळाल्याच्या आनंदात अशीच एक डबी मागवली. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका माणसाचा नाही. डबीवर '४९:१, १०० वॉट' असं लिहिलेलं, आत एपॉक्सी ओतून सगळं बुजवलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आधी एसडब्ल्यूआर बघितला. ७.१ मेगाहर्ट्झवर १.२. विकणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. मग तोटा मोजला. २.४ डीबी. साध्या भाषेत, आत गेलेल्या शंभर वॉटपैकी साडेसत्तावन्न बाहेर, साडेबेचाळीस डबीच्या पोटात. वीस वॉट देऊन दोन मिनिटं कॅरिअर धरला तर डबीला हात लावून ठेवता येईना आणि एसडब्ल्यूआर स्वतःहून सरकायला लागला. शंभर वॉटवर काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको.

जवानाने फोन केला. समोरून उत्तर मिळालं, "एसडब्ल्यूआर तर बरोबर आहे ना? मग अडचण काय?" या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितोय. त्या माणसाला लबाडी करायची होती असं मला वाटत नाही. त्याने कधी मोजलंच नव्हतं. आणि न मोजता विकायची त्याला लाज वाटत नव्हती, कारण आपण कोणीच त्याला कधी दुसरा प्रश्न विचारला नाही.

"त्यासाठी लॅब लागते" ही सबब

हा प्रश्न विचारला की पहिली सबब येते, आमच्याकडे लॅब कुठाय? चला, बघू किती मोठी लॅब लागते.

पहिली रीत, नॅनोव्हीएनए आणि एक रेझिस्टर. हे यंत्र काही हजार रुपयांत मिळतं आणि एसडब्ल्यूआरचा फोटो ज्याच्यावर काढला ते हेच. म्हणजे ते तुमच्याकडे आहेच, फक्त दुसरं पोर्ट तुम्ही कधी वापरलेलं नाही. ट्रान्सफॉर्मरची ५० ओहमची बाजू पहिल्या पोर्टला लावा. उंच बाजूला २४०० ओहमचा साधा फिल्म रेझिस्टर लावा (तार गुंडाळलेला नको) आणि त्याचं दुसरं टोक दुसऱ्या पोर्टला. पोर्टचे ५० ओहम आणि हे २४०० मिळून २४५० ओहम होतात. एकूण शक्तीचा एकोणपन्नासावा हिस्सा दुसऱ्या पोर्टला मिळतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर निर्दोष असेल तर पडद्यावर वजा १६.९ डीबी यायला पाहिजे. वजा १७.५ आलं तर तोटा ०.६ डीबी. वजा १९.३ आलं तर ती वरची काळी डबी. वजाबाकी येणाऱ्या कोणालाही जमेल एवढंच गणित. एसडब्ल्यूआर दीडच्या आत असेल तर परत फिरलेल्या शक्तीचा हिशेब ०.२ डीबीच्याही आत राहतो. त्याहून जास्त असेल तर तो वेगळा काढून वजा करा.

"पण रेझिस्टरच खोटा बोलत असेल तर?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही त्याच टेबलावर आहे. ट्रान्सफॉर्मर काढा आणि तोच रेझिस्टर सरळ दोन पोर्टांच्या मध्ये लावा. वजा २८ डीबी दिसायला हवेत. खालच्या बँडवर बरोबर २८ आणि ३० मेगाहर्ट्झजवळ रेष किंचित वर चढत असेल, तर रेझिस्टरच्या अंगची थोडी कपॅसिटी बोलते आहे. तेवढं ध्यानात ठेवून वाचा. मोजायच्या आधी मोजमापाचीच परीक्षा घ्यायची, हे तर आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं.

दुसरी रीत नॅनोव्हीएनए नसलेल्यांसाठी. पाच वॉटचा छोटा संच, डमी लोड आणि जुना ऑसिलोस्कोप. आधी संच सरळ डमी लोडला लावा आणि लोडवरचा व्होल्टेज शिखरापासून शिखरापर्यंत मोजा. पाच वॉटला ५० ओहमवर ४४.७ व्होल्ट येतात. आता एकसारखे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून मध्ये घाला. पहिला ५० चे २४५० करतो, दुसरा २४५० चे पुन्हा ५०. दोघांमधली जोडणी दोन बोटांएवढीच ठेवा. लोडवर आता ४० व्होल्ट आले तर शक्ती चार वॉट. पाचाचे चार झाले, म्हणजे ०.९७ डीबी दोघांत मिळून. एकाच्या वाट्याला अर्धा डीबीच्या आसपास. संचाला दोन्ही वेळी सारखाच भार दिसतोय ना, हे एसडब्ल्यूआर मीटरवर तपासून घ्या. त्या मीटरचं खरं काम हेच आहे.

"दोन एकसारखे कशावरून?" हा आक्षेप मी क्लबात ऐकला आहे आणि तो खरा आहे. एक चांगला आणि एक वाईट असेल तर अर्धं करून दोघांबद्दलही चुकीचं उत्तर मिळतं. मग तीन बांधा. अ-ब, अ-क, ब-क अशा तीन जोड्या मोजा. समजा १.०, १.८ आणि १.६ डीबी आले. अ चा तोटा म्हणजे पहिल्या दोनांची बेरीज, वजा तिसरा, भागिले दोन. म्हणजे ०.६. मग ब ०.४ आणि क १.२. क उकलून पुन्हा गुंडाळा. एका साध्या बीजगणिताने तीन ट्रान्सफॉर्मरची कुंडली निघते, आणि लोक म्हणतात लॅब नाही.

इथे एक इशारा. स्कोपचा प्रोब कधीही उंच बाजूला लावून मोजू नका. 'दहा मेगओहम' असं त्याच्यावर लिहिलेलं असतं, पण टोकाशी दहा-बारा पिकोफॅरड असतातच. ७ मेगाहर्ट्झवर १२ पिकोफॅरड म्हणजे जवळजवळ १९०० ओहमचा अडथळा. २४५० ओहमच्या जागी तुम्ही १९०० ओहमचा कपॅसिटर टांगलात की मोजताय ते तुमच्या प्रोबला, ट्रान्सफॉर्मरला नव्हे. २८ मेगाहर्ट्झवर तर तो ४७५ ओहमच्या आसपास येतो. ५० ओहमच्या बाजूला मात्र त्याच प्रोबने काहीच बिघडत नाही. म्हणून सगळी मोजणी खालच्या बाजूला करा.

तिसरी रीत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात प्रामाणिक. उष्णता. नॅनोव्हीएनए एक मिलिवॉटहूनही कमी शक्तीवर मोजतं. फेराइट तिथे शहाण्यासारखं वागतं आणि शंभर वॉटवर अंगात आल्यासारखं. म्हणून पहिली परीक्षा पास झाली तरी ही द्यावीच लागते. पाठीला पाठ लावलेल्या जोडीतला एक ट्रान्सफॉर्मर बंद डबीत ठेवा, त्याच्या कोअरला थर्मामीटरचं टोक बांधा. ठरावीक शक्ती सोडून तापमान एका जागी स्थिरावेपर्यंत थांबा. समजा बाहेरच्या हवेपेक्षा ३० अंश वर स्थिरावलं. आता संच बंद करून सगळं थंड होऊ द्या. आधीपासूनच कोअरला चिकटवून ठेवलेल्या एका छोट्या रेझिस्टरमधून बॅटरीचा डीसी सोडा आणि तो इतका वाढवा की तीच डबी पुन्हा ३० अंशांवर स्थिरावेल. आता मल्टिमीटरने व्होल्ट आणि अँपिअर मोजून गुणाकार करा. जेवढे वॉट आले, साधारण तेवढेच वॉट रेडिओच्या शक्तीतून डबीत जळत होते. यात कसलं महागडं यंत्र आहे? एक बॅटरी, एक मल्टिमीटर, एक थर्मामीटर आणि तासाभराचा धीर. कमतरता असते ती शेवटच्या वस्तूची.

कडी कुठली, हे तरी माहीत आहे का?

दुसरा रोग बाजारातल्या कड्यांचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, दिल्लीत लजपतराय मार्केट, बंगळुरात एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. पोस्टिंगच्या निमित्ताने हे सगळे बाजार पायांखालून गेले. सगळीकडे काळ्या-करड्या कड्या ढिगाने मिळतात आणि 'फेराइट' एवढंच त्यांचं नाव असतं. पण फेराइट म्हणजे एक धातू नव्हे, ते अख्खं खानदान आहे. आपल्याला लागतं ते निकेल-झिंक, जसं फेअर-राइटचं ४३ किंवा ५२ नंबरचं. स्विचिंग सप्लायमधून निघतात त्या मँगनीज-झिंकच्या कड्या किलोहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कामाच्या. शॉर्टवेव्हच्या अशा ट्रान्सफॉर्मरमध्ये त्या शक्ती खातात. आणि संगणकाच्या सप्लायमधली ती पिवळी-पांढरी कडी फेराइटसुद्धा नाही, लोखंडाच्या भुकटीची आहे. तिच्यावर ४९:१ गुंडाळलेला मी बघितला आहे, आणि त्याचा एसडब्ल्यूआरचा फोटोही बघितला आहे!

ओळखायची एक कच्ची पण उपयोगी खूण आहे. कडीवरचा रंग दोन ठिकाणी जरासा खरवडा आणि मल्टिमीटर लावा. काही हजार किंवा लाख ओहम दाखवले तर बहुधा मँगनीज-झिंक. काहीच दाखवलं नाही तर निकेल-झिंक असण्याची आशा. आशा म्हणतो, खात्री नाही. खात्री वरच्या तीन रीतींनीच.

आणि कडी खरी असली तरी वेढ्यांचा हिशेब सुटत नाही. ४३ मटेरिअलची ६१ मिलिमीटरची मोठी कडी घ्या. पत्रकाप्रमाणे एका वेढ्याला १०७५ नॅनोहेन्री, आणि इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. प्रायमरीला दोन वेढे घातले तर ४.३ मायक्रोहेन्री. ७ मेगाहर्ट्झवर तिचा अडथळा १८९ ओहम, कसाबसा चालेल असा. ३.५ मेगाहर्ट्झवर फक्त ९५. ५० ओहमच्या शेजारी ९५ ओहमची पळवाट ठेवली तर शक्ती तिथून गळणारच. अडथळा भाराच्या निदान चार-पाच पट हवा. तीन वेढे आणि एकवीस वेढे केले तर ३.५ वरही २१३ ओहम मिळतात. पण तार वाढली की २८ मेगाहर्ट्झवर गळती वाढते. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात. शिवाय फेराइट वरच्या फ्रीक्वेन्सीला पत्रकातल्या आकड्याप्रमाणे वागत नाही, म्हणून हा हिशेब सुरुवातीचा, शेवटचा नव्हे. '८० मीटर ते १० मीटर, सगळे बँड' असं डबीवर लिहिणाऱ्याने हे दोन्ही टोकांना मोजलं आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

विरोधकांचं म्हणणं

आता माझ्या विरुद्ध बोललं जातं त्याचाही हिशेब करू. टाळत नाही.

"आम्हाला रशियाहून पाच-नऊ मिळाला." मिळाला असेल. आकाश उघडं असलं की ओल्या दोरीनेही बोलता येतं. आणि पाच-नऊ तर सौजन्याने दिला जातो, लग्नातल्या 'जेवण छान होतं'सारखा. एका संध्याकाळच्या गप्पा हे मोजमाप नव्हे.

"एक डीबी कोणाला ऐकू येतो?" हा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि मी तो मान्य करतो. मीटरवरचा एक एस म्हणजे ६ डीबी. समोरच्याला एक डीबीचा फरक जाणवणार नाही. पण एक डीबी म्हणजे शंभरातले साडेवीस वॉट, आणि ते ऐकू आले नाहीत तरी डबीत शिजतात. बोलताना थांबत थांबत शक्ती जाते, म्हणून निभावतं. एफटी-८ लावलं की दर पंधरा सेकंदांच्या खेपेत जवळजवळ तेरा सेकंद पूर्ण कॅरिअर. ४३ मटेरिअलचा क्युरी बिंदू १३० अंशांच्या पुढे कुठेतरी आहे. तिथे पोचल्यावर फेराइट चुंबकत्वच सोडून देतं. उन्हात टांगलेल्या काळ्या डबीत ते अंतर वाटतं तेवढं लांब नसतं. तेव्हा कानाला नसेल ऐकू येत, पण कोअरला येतं.

"जुने लोक कुठे मोजत होते?" हे सगळ्यात चुकीचं. रुंद बँडच्या अशा ट्रान्सफॉर्मरवर गॅनेला यांनी १९४४ मध्ये आणि रथ्रॉफ यांनी १९५९ मध्ये जे लिहिलं, त्यावर आजही आपण जगतो. ते हवेतून आलं नव्हतं. आणि आपल्याकडच्या जुन्या ओल्ड मॅन मंडळींनी डिस्पोजलच्या सामानावर स्वतःचे मीटर बांधले ते मोजण्यासाठीच. मोजणं हा पाहुण्यांचा शौक नाही, आपल्याच घरची रीत आहे. मोडली ती आपण.

"टेबलावरचा आकडा झाडावर खरा ठरत नाही." अर्धं बरोबर. झाडावरची तार नेमकी २४५० ओहम कधीच नसते. ती पावसात बदलते, उंचीने बदलते, आणि कोॲक्सच्या बाहेरून वाहणारा करंट तर टेबलावर दिसतच नाही. त्याच्यासाठी वेगळा चोक लागतो आणि वेगळी परीक्षा. पण जो ट्रान्सफॉर्मर टेबलावर सोप्या परीक्षेत नापास होतो, तो झाडावर अवघड परीक्षेत पास होईल, ही कुठली गणना? पाहिजे तर १५०० आणि ४००० ओहमलाही मोजा. मोजणी अपुरी आहे म्हणून मोजायचंच नाही, असं होत नाही.

एवढं तापायचं कारण

कोणी म्हणेल, हौस आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

२६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा हौशी ऑपरेटर आपापले संच घेऊन तिथे पोचले होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. मोहीम बाजूला ठेवून त्यांनी माणसांचे निरोप पोचवायला घेतले. या देशात आपल्या परवान्याला जी काही इज्जत आहे ती अशा दिवसांमुळे आहे. त्या दिवशी वीज नसते. बॅटरी असते, आणि ती कधी भरेल ते माहीत नसतं. वीस वॉट बाहेर पाठवायला संच बॅटरीतून साधारण चाळीस-पन्नास वॉट ओढतो. त्या वीसमधले साडेआठ काळी डबी खाणार असेल, तर तेवढाच आवाज पोचवायला संचाला पावणेदोन पट शक्ती द्यावी लागेल. म्हणजे जी बॅटरी पाच तास बोलली असती ती तीन तासांच्या आत गप्प बसेल. ते दोन तास कोणाच्या निरोपाचे होते, हे काळी डबी विकणाऱ्याला कधीच कळणार नाही.

दुसरं कारण त्या जवानाचं. पोराने आपल्या पगारातून डबी घेतली, घरी पाठवायच्या पैशातून थोडे बाजूला काढून. त्याला कोणी दिसेना, कोणी ऐकेना, तेव्हा त्याला वाटलं की हौशी रेडिओ आपल्याला जमणारी गोष्ट नाही. आम्ही दोघांनी मिळून त्याला नवीन ट्रान्सफॉर्मर बांधून दिला. मोठी कडी, तीनास एकवीस वेढे, ७ मेगाहर्ट्झवर ०.६ डीबी. त्याच तारेवर, त्याच सुपारीच्या झाडावर, त्याला पहिल्याच आठवड्यात केरळचा ऑपरेटर मिळाला. तो टिकला. असे किती जण न टिकता गेले असतील?

म्हणून माझी मागणी लिहून ठेवतो. डबीवर '१०० वॉट' एवढंच लिहिणं बंद करा. चार गोष्टी लिहा. कडी कुठली आणि वेढे किती. किती ओहमच्या भारावर मोजलं. ३.५, ७, १४ आणि २८ मेगाहर्ट्झवर तोटा किती डीबी. आणि किती वॉट, किती मिनिटं दिल्यावर कोअर किती अंश तापला. तोटा जास्त असेल तरी लिहा. १.२ डीबी लिहिणाऱ्याकडून मी डबी घेईन, काहीच न लिहिणाऱ्याकडून घेणार नाही. क्लबांनी आपल्या बैठकीत एक रेझिस्टर आणि एक नॅनोव्हीएनए टेबलावर ठेवावा आणि जो डबी आणेल त्याची तिथेच परीक्षा घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि घेणाऱ्यांनो, पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर मोबाइल धरून '१.२' दाखवला, तर नम्रपणे विचारा, "साहेब, हे ठीक आहे. तोटा किती?" उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवा, एक कडी आणा आणि स्वतः गुंडाळा. मोजायला काय लागतं ते वर लिहिलंच आहे.